डेमोसीनचा छापील इतिहास: पुस्तकाची मांडणी कशी असावी?

राइनकाठ

सर्वांना नमस्कार. संगणकावरच्या डेमोसीन या कलेचा इतिहास मराठीत, आणि तोही छापील पुस्तकाच्या रूपात लिहावा, असा माझा संकल्प आहे. कमोडोर ६४ आणि अमिगा या दोन यंत्रांवरचा मजकूर बराचसा लिहून झाला आहे, पीसीवरचा भाग हाती घेतला आहे आणि आता मांडणीचा प्रश्न पुढे उभा राहिला आहे. त्यावर इथल्या जाणकारांशी सविस्तर बोलता यावे म्हणून हा धागा काढत आहे.

विषय नवा असलेल्यांसाठी थोडी पार्श्वभूमी देतो. कमोडोर ६४ हा घरगुती संगणक १९८२ मध्ये आला. युरोपात तो शाळकरी मुलांच्या हाती पडला, तेव्हा विकतच्या खेळांची नक्कलबंदी तोडून त्यांच्या प्रती वाटणाऱ्या टोळ्या तयार झाल्या. 'हे कुलूप आम्ही तोडले' हे सगळ्यांना कळावे म्हणून त्या खेळाच्या आधी आपला एक छोटा प्रोग्राम जोडू लागल्या. वर टोळीचे झळकते नाव, खाली उजवीकडून डावीकडे सरकणारी अक्षरे आणि सोबत संगीत, असे त्याचे रूप असे. काही वर्षांतच यातल्या अनेकांना कुलूप तोडण्यापेक्षा ही प्रस्तावनाच अधिक मोलाची वाटू लागली, पुढचा खेळ गळून पडला आणि जे उरले त्याला डेमो म्हणू लागले. डेमोत आधी चित्रित करून ठेवलेले काही नसते. प्रेक्षक पाहत असतानाच यंत्र प्रत्येक चित्र आणि प्रत्येक स्वर घडवत असते. पुढे १९८५ मध्ये अमिगा आला, मग पीसी आला, आणि डेन्मार्क, नॉर्वे, फिनलंड, जर्मनी अशा देशांत या मंडळींचे मेळावे भरू लागले. तिथे मोठ्या पडद्यावर डेमो दाखवले जातात आणि जमलेले लोकच मत देऊन क्रम ठरवतात.

माझ्यापुढचे प्रश्न असे आहेत. प्रकरणे यंत्रांनुसार करावीत, वर्षांनुसार की देशांनुसार? चित्रांना किती जागा द्यावी? आणि टोपणनावांनी वावरलेल्या या लोकांची खरी नावे छापावीत का? पुस्तक नुसत्या रंगीत चित्रांचा अल्बम होऊ नये, ही कामे ज्यांनी केली त्यांची विचार करण्याची रीत वाचकाला त्यातून कळावी, एवढी एकच गोष्ट माझ्या मनात पक्की आहे.

शंकाखोर

संकल्पाला शुभेच्छा, परंतु मांडणीच्या आधीचा प्रश्न मला विचारावासा वाटतो. ज्या कलेचे सर्वस्व हालचाल आणि ध्वनी यांत आहे, तिच्यासाठी कागद हे माध्यम निवडायचे कशासाठी? बहुतेक नावाजलेल्या डेमोंचे व्हिडिओ कोणालाही पाहता येतात. 'पुएट' या संकेतस्थळावर २००० सालापासून डेमोंच्या नोंदी, त्यांचे दुवे आणि त्यांवरची चर्चा साठत आली आहे. शिवाय तामाश पोल्गार या हंगेरियन लेखकाचे 'फ्रीक्स' हे या विषयावरचे इंग्रजी पुस्तक २००५ मध्येच प्रसिद्ध झाले आहे. मग मराठी वाचकाला आपल्या पुस्तकातून असे काय मिळणार आहे, जे एका दुव्यातून मिळणार नाही?

राइनकाठ

प्रश्न रास्त आहे. पोल्गार यांच्या पुस्तकाचे ऋण या विषयावर लिहिणाऱ्या प्रत्येकावर आहे आणि मी ते प्रस्तावनेत मोकळेपणाने मान्य करणार आहे. परंतु त्यांचा वाचक बहुतांशी त्या मंडळातलाच आहे. माझ्या वाचकाने अमिगा डोळ्यांनी पाहिलेलाही नसेल.

व्हिडिओबद्दल एका उदाहरणाने सांगतो. कमोडोर ६४ च्या चित्राभोवती एक जाड किनार असते आणि तिच्यात काहीच काढता येत नाही, असा त्या यंत्राच्या कर्त्यांचा हिशोब होता. चित्र काढणारी व्हिक-२ ही चिप पडद्यावरच्या ओळी मोजत वरून खाली येते आणि ठरलेल्या ओळीवर पोचली की खालची किनार सुरू करते. चिपला मजकुराच्या २५ ओळी दाखवायला सांगितले असेल तर ही ठरलेली ओळ २५१ वी असते आणि २४ ओळी सांगितल्या असतील तर २४७ वी. आता २४७ वी ओळ मागे पडेपर्यंत चिपला २५ ओळींवर ठेवायचे आणि ती मागे पडताच, २५१ वी येण्याआधी, २४ ओळींवर आणायचे. २४७ वी तर निघून गेलेली असते आणि २५१ व्या ओळीशी चिपला आता काही कर्तव्य उरलेले नसते, त्यामुळे किनार सुरू करण्याचा क्षण तिच्या हातून निसटतो आणि ती सगळी जागा स्प्राइट, म्हणजे पडद्यावर हलवता येणाऱ्या छोट्या चित्राकृती, नाचवायला मोकळी होते. व्हिडिओ पाहणाऱ्याला मात्र इतकेच दिसते की चित्र जरा खालपर्यंत गेले आहे. हे समजायला सावकाश वाचण्याची, मागच्या पानावर जाण्याची आणि आकृतीवर बोट ठेवून ओळी मोजण्याची सोय लागते. ती पुस्तकात आहे.

आणखी एक गोष्ट अशी की हे सारे संग्रह स्वयंसेवकांच्या कष्टावर उभे आहेत, आणि मूळ फ्लॉप्यांवरचे चुंबकीय लेखन दरवर्षी थोडे थोडे विरत आहे. कागद तसा बरा टिकतो.

खिळेजुळारी

पुण्यात पुस्तकछपाईच्या धंद्यात माझे आयुष्य गेले, म्हणून चित्रांबद्दल थोडे विस्ताराने लिहितो. राइनकाठ, तुम्ही अल्बम करणार नाही म्हणता हे उत्तम. पण जी चित्रे घ्याल ती तरी खरी उतरली पाहिजेत आणि ते वाटते तितके सोपे नाही.

पहिली अडचण आकाराची. पीसीवरच्या जुन्या डेमोंचे चित्र ३२० बाय २०० ठिपक्यांचे असे, पण ते दिसत असे ४:३ प्रमाणाच्या पडद्यावर. याचा अर्थ प्रत्येक ठिपका रुंदीपेक्षा एकपंचमांशाने उंच असे. आज कोणी ते चित्र चौरस ठिपके धरून छापले, तर गोल चेंडू बसका दिसतो, आणि अशी बसकी चित्रे मी चांगल्या गुळगुळीत कागदावर छापलेली पाहिली आहेत. उपाय सोपा आहे: प्रत्येक ठिपका आडवा ५ पट आणि उभा ६ पट करावा, म्हणजे चित्र बरोबर १६०० बाय १२०० होते, प्रमाण साधते आणि एकाही ठिपक्याची कड धूसर होत नाही. इंचाला ३०० ठिपके या नेहमीच्या हिशोबाने ते सव्वापाच इंचांहून थोडे रुंद आणि चार इंच उंच भरेल. डेमी आकाराच्या पानाची पूर्ण रुंदीच साडेपाच इंच असते, तेव्हा समास सोडून ते तिथे बसणार नाही. साडेसात बाय दहा इंचांचे पान घ्यावे, असे मी आताच सुचवून ठेवतो.

दुसरी अडचण रंगांची. पडदा स्वतः प्रकाश देतो आणि कागद बाहेरून आलेला प्रकाश परत पाठवतो. अमिगावरचे झळझळीत हिरवे आणि निळे रंग चार शाईंच्या छपाईत मुळातच बसत नाहीत, ते मातकट होतात. मोजक्या पानांना पाचवी शाई लावता येते, पण खर्च वाढतो.

तिसरी अडचण नवख्यांच्या सहसा लक्षात येत नाही. रंग कमी असल्यामुळे हे चित्रकार दोन रंगांचे ठिपके बुद्धिबळाच्या पटासारखे आलटून पालटून मांडत आणि तिसऱ्या रंगाचा भास निर्माण करत. ऑफसेट छपाईतही रंग ठिपक्यांच्या जाळीनेच उतरतो. ही जाळी आणि चित्रातली जाळी एकमेकींवर पडली की कागदावर लाटा उमटतात, त्याला आम्ही मॉइरे म्हणतो. त्यासाठी विखुरलेल्या ठिपक्यांची जाळी वापरावी किंवा चित्र पुरेसे मोठे छापावे, आणि दोन्ही वेळी खऱ्या कागदावर खऱ्या यंत्राने प्रूफ काढून पाहावे. संगणकाच्या पडद्यावर पाहून मंजुरी देऊ नये.

सदाफुली

खिळेजुळारी काका, फार उपयुक्त माहिती दिलीत. चेंडू बसका दिसण्याचे कारण मला आज समजले.

गगनगिरी

युनेस्कोने डेमोसीनला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली आहे ना? ते मुखपृष्ठावर ठळक छापले, तर दुकानात पुस्तक हातात घेणारे वाढतील.

उत्तरध्रुव

गगनगिरी, कृपया तसे छापू देऊ नका, कारण ते वस्तुस्थितीला धरून होणार नाही. अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या रक्षणाचा युनेस्कोचा करार २००३ चा आहे आणि त्याअन्वये प्रत्येक देश आपली स्वतःची राष्ट्रीय सूची ठेवतो. फिनलंडने एप्रिल २०२० मध्ये डेमोसीनची नोंद अशा राष्ट्रीय सूचीत केली, २०२१ मध्ये जर्मनी आणि पोलंड यांनी केली आणि नंतर आणखी देश पुढे आले. ही नोंद करून घेण्यासाठी 'आर्ट ऑफ कोडिंग' नावाची मोहीम या कलेतल्या लोकांनीच चालवली होती. एका देशाने आपल्या सूचीत संगणकावरच्या संस्कृतीला जागा देणे ही मोठीच गोष्ट आहे, तिला फुगवण्याची गरज नाही.

मी हेलसिंकीत राहतो आणि खेळ तयार करणाऱ्या क्षेत्रात काम करतो, त्यामुळे देशानुसार मांडणीच्या बाजूने दोन शब्द लिहितो. फ्यूचर क्रू या फिनिश गटाचा 'सेकंड रिॲलिटी' हा डेमो १९९३ च्या असेम्ब्ली मेळाव्यात पहिला आला. ध्वनी आणि चित्र यांच्या बाबतीत तोवर अमिगापुढे पीसीची कोणी गणतीही करत नसे, आणि या एका कामाने ती समजूत बदलायला मोठा हातभार लावला. त्या गटातले काही जण पुढे रेमेडी ही खेळ बनवणारी कंपनी उभारण्यात होते. स्वीडनमध्ये द सायलेंट्स या अमिगा गटातल्या तरुणांनी १९९२ मध्ये डाइस ही कंपनी काढली. आज या दोन देशांत खेळनिर्मितीचा जो उद्योग दिसतो, त्याच्या मुळाशी हे मेळावे आहेत. देशानुसार प्रकरणे केली तर हे नाते वाचकाला स्पष्ट दिसेल.

पूर्वरंग

उत्तरध्रुव यांच्याशी मी आदरपूर्वक असहमत आहे. देशानुसार मांडणी केली की प्रत्येक प्रकरण उद्योगाच्या यशोगाथेकडे झुकू लागते, आणि ज्यांनी पुढे कंपन्या काढल्या नाहीत असे असंख्य लोक अंधारात राहतात. या कलेचा प्राण देशांच्या सीमांमध्ये नव्हता, तो टपालात होता. प्रत्येक गटात प्रोग्राम लिहिणारा, चित्रे काढणारा आणि संगीत रचणारा असे, तसाच एक स्वॅपर असे. त्याचे काम एवढेच की नव्या फ्लॉप्या पाकिटात घालून देशोदेशींच्या स्वॅपरांना पाठवायच्या आणि त्यांच्याकडून आलेल्या आपल्या गटात वाटायच्या. पैसे वाचवण्यासाठी तिकिटांवर गोंदाचा किंवा केसांवर मारायच्या स्प्रेचा पातळ थर देत, म्हणजे टपालखात्याचा शिक्का त्या थरावर बसे, पाण्याने धुऊन निघे आणि तिकीट पुन्हा चिकटवता येई. 'तिकिटे परत पाठव' ही विनंती त्या काळच्या चिठ्ठ्यांतून वारंवार भेटते. ते अर्थातच बेकायदा होते आणि इतिहासकाराने ते तसेच नोंदवले पाहिजे.

इतिहासाची साधने म्हणून डेमोतली सरकती अक्षरे अमोल आहेत. कोणी कोणाला नमस्कार केला, कोणाला डिवचले, कोणता गट फुटला, हे सगळे त्यांत आहे. पण ती बढाईचीही जागा होती. 'जगात प्रथमच' असे लिहिलेले दिसले की ते जसेच्या तसे पुस्तकात घेऊ नये. शक्य असेल तिथे परस्परविरोधी दावे शेजारी शेजारी छापावेत आणि आपला निर्णय कारणासह द्यावा.

नावांबद्दल माझे मत ठाम आहे. ज्यांनी स्वतः आपले खरे नाव जाहीर केले आहे त्यांचेच छापावे, बाकी सर्वांचे टोपणनाव. यातले अनेक जण तेव्हा चौदा-पंधरा वर्षांचे होते आणि कुलूपतोडीत होते. फेअरलाइटसारख्या गटांच्या कुलूपतोडीच्या शाखांवर २००४ मध्ये अमेरिकी तपास यंत्रणांच्या 'ऑपरेशन फास्टलिंक'मध्ये कारवाई झाली आहे, म्हणजे हा विषय केवळ जुन्या आठवणींचा नाही. इतिहास लिहिताना कोणाच्या आजच्या आयुष्यात वादळ उठवण्याचा अधिकार आपल्याला नाही.

उत्तरध्रुव

नावांबद्दल संपूर्ण सहमत. टपालाचा मुद्दाही मान्य. मात्र त्यातही देश येतोच. ज्या देशात फोन महाग आणि टपाल स्वस्त होते, तिथे स्वॅपर टिकले. जिथे मोडेम लवकर आले, तिथे फायली बीबीएसवरून, म्हणजे फोनवरून जोडले जाणाऱ्या संगणकी सूचनाफलकांवरून, फिरू लागल्या.

नेवातीर

इथवरची सगळी चर्चा पश्चिम आणि उत्तर युरोपाभोवती फिरत आहे, म्हणून मुद्दाम लिहीत आहे. मी सेंट पीटर्सबर्गमध्ये शिकत होतो. पूर्व युरोपात आणि सोव्हिएत संघात पाश्चात्त्य संगणक सहज मिळत नव्हते, निर्यातीवरच बंधने होती. तिथे कारखान्यांनी आणि हौशी लोकांनी झेडएक्स स्पेक्ट्रम या ब्रिटिश यंत्राच्या प्रतिकृती बनवल्या. रशियात पेंटागॉन नावाची १२८ किलोबाइट स्मृतीची प्रतिकृती इतकी पसरली की पुढचे बरेचसे रशियन डेमो तिलाच प्रमाण मानून लिहिले गेले. एन्लाइट हा मेळावा १९९५ मध्ये सेंट पीटर्सबर्गलाच भरला. पश्चिमेत स्पेक्ट्रम अडगळीत गेल्यावरही इथे त्यावर उत्तम काम होत राहिले. वर्षांनुसार मांडणी केली तर 'स्पेक्ट्रमचे युग संपले' असे एक वाक्य १९९० च्या सुमारास येईल आणि अर्ध्या युरोपाचा इतिहास त्या वाक्याखाली गाडला जाईल. तेव्हा वर्षांनुसार मांडणी करू नये, एवढी माझी आग्रहाची विनंती आहे.

राइनकाठ

नेवातीर, हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे आणि त्याबद्दल तुमचे मनापासून आभार. स्पेक्ट्रमसाठी स्वतंत्र प्रकरण करतो. रशियन भाषेतली साधने वाचून त्यांतला आशय सांगण्याइतका वेळ तुम्हाला देता येईल का?

नेवातीर

आनंदाने. व्यक्तिगत निरोप पाठवतो.

स्वरलिपी

संगीताबद्दल अजून कोणी लिहिले नाही. कागदावर ध्वनी नसतो हे शंकाखोर यांचे म्हणणे वरवर बरोबर आहे, पण डेमोसंगीताला स्वतःची लिपी आहे, आणि ती छापण्यासारखी आहे. कार्स्टन ओबार्स्की यांनी १९८७ मध्ये अमिगासाठी अल्टिमेट साउंडट्रॅकर नावाचा प्रोग्राम लिहिला, आणि त्या वळणाच्या सर्व प्रोग्रामांना ट्रॅकर म्हणू लागले. अमिगाच्या पॉला या चिपला ध्वनीच्या चारच वाहिन्या होत्या, म्हणून पानावर चार उभे स्तंभ असतात. काळ वरून खाली वाहतो. प्रत्येक स्तंभात स्वर, कोणता ध्वनिनमुना वाजवायचा त्याचा क्रमांक आणि स्वराला मुरड, कंप वा उतार देणारी एक सांकेतिक संख्या असते. अशा ६४ ओळींचा एक पॅटर्न होतो.

चारच वाहिन्या असल्यामुळे तीन स्वरांचा मेळ वाजवला तर ढोल आणि बास यांना मिळून एकच वाहिनी उरते. यावर त्यांनी काढलेली तोड अशी की मेळातले तीन स्वर एकाच वाहिनीवर एकामागोमाग इतक्या वेगाने वाजवायचे की कानाला ते जुळलेले वाटावेत. कमोडोर ६४ च्या सिड चिपला तर तीनच स्वर होते, त्यामुळे ही थरथरती लकब तिथे आधीच रुळलेली होती आणि पुढे ती या संगीताची ओळखच बनली. एक पूर्ण पॅटर्न छापावा आणि बाजूच्या समासात टिपा द्याव्यात. भातखंडे लिपीतली बंदिश वाचायला जो शिकला आहे, त्याला हे पान मुळीच परके वाटणार नाही.

खिळेजुळारी

साडेसात बाय दहाच्या पानावर आठ पॉइंट अक्षरांत ६४ ओळी व्यवस्थित बसतात. फक्त सर्व अक्षरांची रुंदी सारखी असलेला टाइप घ्यावा लागेल, नाही तर स्तंभ हलतील.

जुनेयंत्र

चित्रे कुठून घ्यायची, यावर एक सावधगिरीची सूचना. आजकाल बहुतेक जण जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामातून, म्हणजे एम्युलेटरमधून, चित्र उचलतात. '८०८८ एमपीएच' हा डेमो २०१५ मध्ये सारब्रुकेनच्या रिव्हिजन मेळाव्यात आला. तो चालतो १९८१ च्या मूळ आयबीएम पीसीवर, ४.७७ मेगाहर्ट्झ वेगाच्या प्रोसेसरवर. त्या यंत्राच्या सीजीए या चित्र दाखवणाऱ्या कार्डाला १६ रंग ठाऊक होते. पण कार्डाची कंपोझिट वायर टीव्हीसारख्या मॉनिटरला जोडली की शेजारशेजारचे ठिपके संकेतात मिसळून भलतेच रंग उमटतात. या लोकांनी त्या दोषाचा अभ्यास करून पडद्यावर तब्बल १०२४ रंग आणले. तो डेमो आला तेव्हाचा एकही एम्युलेटर तो नीट चालवू शकत नव्हता. अशा कामाचे चित्र खऱ्या यंत्रावरून, खऱ्या वायरीतूनच घ्यावे लागते.

उलट बाजूचेही एक उदाहरण देतो. कमोडोर ६४ वर काही चित्रे प्रत्यक्षात दोन चित्रांची जोडी असते. यंत्र सेकंदाला ५० वेळा एकाआड एक ती दाखवते आणि डोळा दोन्हींचे रंग मिसळतो. तिथे एका क्षणाचे छायाचित्र घेतले तर जोडीतले एकच हाती लागते आणि छापलेले चित्र मूळ चित्रकाराने कधी पाहिलेच नाही असे असते. दोन्ही काढून सरासरी करावी लागेल, आणि तसे केल्याचे चित्राखाली लिहावे लागेल. नुसते 'स्क्रीनशॉट' लिहून भागणार नाही.

सदाफुली

मी या क्षेत्रातली नाही, केवळ वाचक आहे, आणि वाचक म्हणून दोन अपेक्षा मांडते. पहिली अशी की मेळावे कसे असतात ते वाचायला मिळावे. तिथे नुसते डेमो दाखवतात, की आणखी काही होते? दुसरी अशी की इथे आतापर्यंत जेवढ्यांचा उल्लेख झाला ते सगळे पुरुष आहेत. स्त्रिया नव्हत्याच, की होत्या आणि नोंदल्या गेल्या नाहीत? पुस्तकाने याचे सरळ उत्तर द्यावे, असे मला वाटते.

राइनकाठ

सदाफुलीताई, दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. स्त्रिया होत्या, पण फार थोड्या. मुलाच्या खोलीत संगणक आणि मुलीच्या खोलीत नाही, हे चित्र तेव्हाच्या युरोपातल्या घरांतही सर्रास होते, आणि त्यात भर म्हणून मेळाव्यांतले वातावरण अनेक वर्षे मुलींना सामावून घेणारे नव्हते. जुन्या डिस्कमॅगांमधली, म्हणजे फ्लॉपीवरून वाटल्या जाणाऱ्या नियतकालिकांमधली भाषा वाचली की ते लख्ख दिसते. चित्रकार, संगीतकार, संपादक आणि आयोजक म्हणून ज्या स्त्रियांनी काम केले त्यांच्याशी मी पत्रव्यवहार करत आहे. त्यांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत येईल, शेवटी जोडलेल्या वेगळ्या टिपणात नाही, त्या त्या प्रकरणात.

मेळाव्यांबद्दल. डेन्मार्कमधली 'द पार्टी' १९९१ ते २००२ या काळात नाताळ आणि नववर्ष यांच्यामधल्या दिवसांत भरत असे. नॉर्वेतली 'द गॅदरिंग' १९९२ पासून ईस्टरला भरते, पण तिच्यावर पुढे जाळ्यावरून खेळ खेळणाऱ्यांनी कब्जा मिळवला. १९९४ च्या हिवाळी ऑलिंपिकसाठी बांधलेल्या हामार गावच्या प्रचंड सभागृहात हजारो संगणक लागत आणि डेमोवाले एका कोपऱ्यात जात. जर्मनीत ब्रेकपॉइंट २००३ ते २०१० चालला आणि २०११ पासून रिव्हिजन भरतो, तोही ईस्टरलाच. रिव्हिजनच्या सभागृहात काळोख केलेला असतो, लोक लांबलचक मेजांवर आपापली यंत्रे मांडून बसलेले असतात, आणि स्पर्धा सुरू होण्याआधीच्या शांततेत कुठून तरी कोणी 'अमिगाऽऽऽ' अशी आरोळी ठोकतो की सगळे सभागृह तिला उत्तर देते. पडद्यावर डेमोत नमस्कारांची यादी आली आणि आपल्या गटाचे नाव दिसले की त्या मेजावरून टाळ्या उठतात. हा नमस्कार १९८० च्या दशकातल्या सरकत्या अक्षरांपासून आजतागायत चालत आला आहे.

बिंदुमाधव

शंकाखोर यांचा मूळ प्रश्न अजून पूर्ण सुटलेला नाही, असे वाटते म्हणून लिहितो. या कलेतली एक शाखा अशी आहे जिची कलाकृती अख्खीच्या अख्खी कागदावर छापता येते. लीनुस ओकेसॉन या स्वीडिश कलावंताचा 'अ माइंड इज बॉर्न' हा २०१७ चा डेमो कमोडोर ६४ वर दोन मिनिटांच्या वर चालतो, त्याला चित्र आहे, संगीत आहे, आणि तो सगळा मिळून २५६ बाइटांचा आहे. एका ओळीत १६ बाइट लिहिले तर अवघ्या १६ ओळी होतात. लेखकाची परवानगी घेऊन त्या छापल्या, तर तिथे डेमोचे चित्र नसेल, साक्षात डेमो असेल. ज्याच्याकडे यंत्र आहे त्याने त्या १६ ओळी हाताने भराव्यात आणि चालवावा.

हाच हिशोब पुढे नेला तर आणखी गंमत आहे. खिळेजुळारी म्हणतात तसे ६४ ओळींचे पान धरले, तर आरजीबीए आणि टीबीसी या गटांचा 'एलिव्हेटेड' हा २००९ चा डेमो, जो ४०९६ बाइटांत डोंगर, बर्फ, पाणी आणि त्यावरून उडणारा कॅमेरा उभा करतो, तो चार पानांत संपतो. फारब्राउश या गटाचा 'द प्रॉडक्ट' २००० सालचा आहे; त्याला ६५,५३६ बाइटांची मर्यादा होती आणि तो दहा मिनिटांहून अधिक चालतो. ती मर्यादा पूर्ण भरली असे धरले तरी ६४ पाने होतात. या आकड्यांवरून वाचकाला एका नजरेत कळेल की इतक्या थोड्या अक्षरांत एवढे जग मावले कसे, हाच या लोकांच्या आयुष्यभराच्या ध्यासाचा विषय होता. तेव्हा मला वाटते की मांडणीचे सूत्र मर्यादा हेच असावे. यंत्राने घातलेली मर्यादा आधी आणि नंतर, यंत्रे बलाढ्य झाल्यावर, कलावंतांनी स्वतःवर घालून घेतलेली.

शंकाखोर

हे मला पटले. सोळा ओळींत अख्खी कलाकृती छापणे व्हिडिओला जमणारे नाही. माझा आक्षेप मी मागे घेतो, मात्र एक अट घालतो: बाइट नुसते छापू नयेत, कोणता भाग काय करतो हेही समजावून सांगावे, अन्यथा सामान्य वाचकाला ती १६ ओळींची शोभाच राहील.

पूर्वरंग

मर्यादा हे सूत्र उत्तम आहे, पण त्यात टपाल, चिठ्ठ्या, भांडणे आणि मैत्री यांना घर कुठे मिळणार? तंत्राचा इतिहास होईल, माणसांचा राहून जाईल.

राइनकाठ

दोन्ही बाजू वाचून मी पुढील निर्णयाप्रत आलो आहे. मुख्य प्रकरणे यंत्रांनुसार होतील, कारण मर्यादा यंत्राबरोबर येते: कमोडोर ६४, स्पेक्ट्रम आणि त्याच्या प्रतिकृती, अमिगा, पीसी, आणि शेवटी आकाराचे बंधन स्वखुशीने पाळणारे आजचे छोटे डेमो. अटारी एसटी या अमिगाच्या काळातल्या संगणकाला अमिगाच्या प्रकरणात जागा मिळेल. प्रत्येक दोन प्रकरणांच्या मध्ये एक विभाग माणसांचा असेल आणि त्यात चिठ्ठ्या, सरकती अक्षरे, नमस्कारांच्या याद्या, मेळाव्यांची वर्णने आणि मुलाखती येतील. देशोदेशींचे संबंध त्यातूनच उलगडतील. टोपणनावांबद्दल पूर्वरंग यांचा नियम जसाच्या तसा स्वीकारतो.

खिळेजुळारी काका, माणसांचे विभाग वेगळ्या, बिनचकाकीच्या कागदावर छापता येतील का? पुस्तकाची कड पाहूनच ते ओळखू यावेत, अशी इच्छा आहे.

खिळेजुळारी

जरूर येतील. चित्रांची प्रकरणे आर्ट पेपरवर आणि माणसांचे विभाग पिवळसर मॅपलिथोवर घ्या. मजकूर वाचायला तोच कागद डोळ्यांना बरा. मात्र फर्मा, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापून घडी घातलेला पानांचा गट, सोळा पानांचा असतो, त्यामुळे कागद बदलायचा तर प्रत्येक विभाग सोळाच्या पटीतच संपला पाहिजे, फार झाले तर आठ पानांचा अर्धा फर्मा घेता येईल. म्हणजे तुम्हाला आताच प्रत्येक विभागाची शब्दमर्यादा ठरवून लिहावे लागेल. बांधणी शिवलेली, जुजाचीच ठेवा. नुसत्या गोंदावर चिकटवलेले इतके जाड पुस्तक मेजावर उघडे राहत नाही, आणि तुमच्या वाचकाला तर एका हाताने पान धरून दुसऱ्या हाताने बाइट भरायचे आहेत. स्पेक्ट्रमचे प्रकरण आणि त्यालगतचा माणसांचा विभाग तयार झाला की मला पाठवा. दोन्ही कागदांवर एकेक फर्मा छापून प्रूफ काढतो, मग रंगांचे पाहू.